गाद्यांची खोली

चामराजपेट, बेंगळुरू

चि. पुष्करास,

तुमच्या मेटलकोर बँडचा तिसरा अल्बम ऐकला. पहिल्यात तू घसा फाडून ओरडायचास, दुसऱ्यात अधूनमधून गायलास. यात ओरडणं उरलंच नाही. तुमचा ड्रमवाला अवधूत म्हणाला, "काका, बँड मोठा झाला." खरं कारण मला ठाऊक आहे.

तुझी आई स्वयंपाकघरात कोसळली, तेव्हा तुम्ही आतल्या खोलीत वाजवत होतात. तिची हाक शेजारच्या अक्कांना ऐकू गेली, तुला नाही. तिच्या तेराव्याला चारचौघांत मी तुला नको ते बोललो. पण "अण्णा, आवाज स्वल्प कमी" म्हणून अक्का कुरकुरायच्या, तेव्हा त्या खोलीच्या भिंतींना आपल्या गाद्यांच्या दुकानातल्या गाद्या मीच ठोकल्या होत्या.

काल त्या उतरवल्या. एकदा येऊन ओरड, बाळा.

आधीची दोन पत्रं माझ्या गादीखाली आहेत. हेही तिथंच ठेवतोय.

तुझे बाबा