बीना रुआनची बादली

५ ऑक्टोबर १९८४
माझ्या हातांनी बनवलेलं एवढं सामान घेऊन आज किलव्हारा गावात उतरलो: ओकच्या लाकडाची पेटी, घोड्याच्या केसांचे दोन ब्रश, झिजलेल्या अक्षरांवर तिरका उजेड पाडायला चौकटीत बसवलेला आरसा आणि ही शिवलेली वही. लॅटिनही घरीच शिकलो. कुणा प्राध्यापकाचे उपकार नाहीत. अनाथाश्रमाने मला नुसतं आडनाव दिलं, गेराटी. त्या आडनावाची माणसं कुठे पुरली आहेत, ते शोधायला आलोय. खोलीच्या खिडकीतून टेकडीवरची जुनी दफनभूमी दिसते. घरमालकीण मिसेस हेशन बटाटे वाढता वाढता म्हणाल्या, मेलेले नातेवाईक बरे हो, चहा तरी मागत नाहीत.

११ ऑक्टोबर
सापडले! फादर कॉनीलींनी बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या काढून दिल्या. आजोबा मार्टिन, पणजोबा टिमथी. टेकडीवर पणजोबांचा दगड शेवाळातून मोकळा केला. शेजारी एका माणसापुरती जागा रिकामी आहे.
फाटकाजवळच्या विहिरीवर एक लाकडी बादली होती, बूड गळकं. असलं काम मला बघवत नाही. खोलीवर आणून फळी बदलली, नवी लोखंडी कडी घातली, परत नेऊन ठेवली.

२० ऑक्टोबर
फादरांच्या परवानगीने त्या रिकाम्या जागेत माझा दगड उभा केला. फिंटन गेराटी, जन्म १९३१. पुढे जागा कोरी. ओळंबा लावून कोरलाय, केसभर इकडेतिकडे नाही. जन्मात प्रथमच मी कुणाच्या तरी शेजारी आहे.
कबरी खणणारा मालाखी रुआन तो बघून पांढराफटक पडला. म्हणाला, अरे बाबा, इथे सगळ्यात शेवटी पुरलेलं माणूस बाकीच्या मेलेल्यांना पाणी भरतं, पुढचा येईपर्यंत. माझी बीना आत्या एकावन्न साली गेली, मग गावाने नवी दफनभूमी केली. आत्या अजून भरतेय. आणि तू खुशाल तिच्यामागे नाव लावलंस? वर तिची बादली दुरुस्त केलीस? तुला काय वेड लागलंय?
मी हसलो. माणसाने एवढं शिकावं कशाला मग.

२४ ऑक्टोबर
सकाळी बादली माझ्या दगडाला टेकून होती. काठोकाठ भरलेली. मालाखीची थट्टा. ओतून दिली.

२७ ऑक्टोबर
मिसेस हेशन चिडल्या. रोज पहाटे कुठे जाता, मिस्टर गेराटी, आणि जिनाभर पाणी सांडता? मी काय फडकं घेऊनच जन्माला आले?
मी कुठेच गेलो नव्हतो. उजवा खांदा मात्र भरून आलाय.

३० ऑक्टोबर
मालाखी आला. टोपी हातात. म्हणाला, दगड उपटू दे, दलदलीत टाकतो. आत्या सुटली तर मला का नकोय? पण तुझ्या जिवावर नको रे. पैसेही पुढे केले.
मी त्याला दार दाखवलं. त्रेपन्न वर्षांनी मला माझी माणसं मिळालीत. दगड हलणार नाही.

१ नोव्हेंबर
बादली दाराशी. तळहातावर कडीचा वळ— कडी माझीच, तिचा बाक मी ओळखतो.
बूट चिखलाने—

२ नोव्हेंबर
मृतांचा दिवस. सगळं गाव चर्चमध्ये मिस्सेला गेलंय. खिडकीतून बघतोय— काळ्या शालीतली एक बाई दफनभूमीच्या फाटकाबाहेर आली. रस्त्याने चाललीय. रिकाम्या हातांनी, हात हलवत, पोरीसारखी. मागे वळूनही बघत नाही.

बादली खोलीत आहे.

टेकडीवरून हाका— आजवर मला कुणी घरच्यासारखी हाक मारली नव्हती— फिंटन, पाणी. फिंटन, बाळा, पाणी—

लिहायला डावा हात उरलाय. उजवा कडीवरून सुटत नाही.

नुसता दगड काढू देण्याचे मालाखी दोनशे पौंड देत होता. त्याच्या अख्ख्या हिवाळ्याची कमाई. दोनशे पौंड, आणि मी त्याला म्हटलं—