कानपिळीची परतफेड

४ जानेवारी
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. सूड घ्यायचं ठरलं.

लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, ही रीत मला मान्य आहे. बहिणीला नीट सांभाळ, एवढाच तिचा अर्थ. पण सत्यजीतने वरवंडच्या मांडवात माझा कान नटबोल्टासारखा आवळला. मी 'आई गं' म्हणालो. माईक चालू होता. तीन वर्षं झाली, तो व्हिडिओ पाहुण्यांच्या ग्रुपवर अजून फिरतोय. शिक्रापूरच्या कंपनीत मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे, आणि लाइनवरचा गेणबा मला पाहिलं की स्वतःचा कान धरतो. रिस्पेक्ट शून्य.

हा मेहुणा आता दुबईत एसी दुरुस्त करतो. आमच्या स्वराजचं जावळ मामाच्या मांडीवरच काढायला हवं, आणि मामाला रजा नाही. आई म्हणाली, पोराच्या डोळ्यांत केस चाललेत, तुम्हीच जावा की तिकडं. भाऊ भेटणार म्हणून तेजश्री रडलीच. मी लगेच हो म्हणालो. सगळ्यांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस.

६ जानेवारी
प्लॅन. मी स्वतः मेहुण्याचा कान पिळला तर बरं दिसणार नाही. भाच्याने पिळला तर कौतुक होईल. स्वराज वर्षाचा व्हायचाय, पण मुठीत दम आहे. त्याला ट्रेनिंग द्यायचं. मामा दिसला की कान. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. जुना आपोआप गाडला जाईल.

१० जानेवारी
ट्रेनिंग चालू. ट्रायलला कान माझाच. 'मामा, मामा' म्हणत पुढे करतो. पिळला की बिस्किटाचा तुकडा. पोरगं हुशार, माझ्यावर गेलंय. तेजश्रीने विचारलं, कान लाल कशानं? म्हणालो, हेल्मेट.

१९ जानेवारी
रिझल्ट शंभर टक्के. आता बिस्किट नसलं तरी पिळतो. झोपेतसुद्धा. आईच्या किंवा तेजश्रीच्या कानाला मात्र हात लावत नाही. चांगलंच आहे, सरसकट सवय नको.

२ फेब्रुवारी, विमानात
खिडकीची सीट हट्टाने घेतली. बाहेरचं काही दिसलं नाही. विमान उडताना स्वराजने डावा कान धरला तो अजून सोडलेला नाही. हवाईसुंदरी 'सो क्यूट' म्हणून गेली. पकड उत्तम.

२ फेब्रुवारी, दुबई
एअरपोर्टवर सत्यजीत दिसला. मी मोबाईल काढला, स्वराजला पुढे केलं, 'मामा, मामा' म्हणालो. स्वराजने मामाच्या खांद्यावर डोकं टाकलं आणि झोपून गेला. फर्स्ट पीस रिजेक्ट. प्रवासाचा थकवा. यात माझी चूक नाही, विमानाची आहे.

सत्यजीत बहिणीला धरून पोरासारखा रडला. मग मला म्हणाला, दाजी, लय बारीक झालात. गोड बोलून कान वाचवतोय.

३ फेब्रुवारी
खोली एकच. पलंग आम्हाला दिला, स्वतः खाली चटईवर झोपला. सकाळी उठून भाकरी थापत होता. आपल्या बाजरीची, पीठ गावाकडून मागवलेलं. दोन खाल्ल्या. माणूस घाबरलाय.

४ फेब्रुवारी
जावळ. त्याने ड्युटी बदलून घेतली होती. सलूनमध्ये स्वराज मामाच्या मांडीवर, हात मोकळे, मामाचा कान वीतभर अंतरावर. मशीन सुरू झाली तसा स्वराज रडायला लागला. सत्यजीतने कसलंसं गुणगुणून गप्प केला. मी जवळ जाऊन कानाची खूण केली. स्वराज झेपावला. माझ्याकडे. सलूनवाल्याला मशीन बंद करावी लागली. तो म्हणाला, बच्चा पापा को बहुत चाहता है.

केस सत्यजीतने रुमालात बांधून तेजश्रीला दिले. म्हणाला, ताई, भीमेत सोड, मला काय यायला जमायचं न्हाई.

६ फेब्रुवारी
जगातली सगळ्यात उंच बिल्डिंग बघायला गेलो. मान वर करता आली नाही. स्वराज खांद्यावर आणि दोन्ही कान त्याच्या ताब्यात. सत्यजीत म्हणाला, द्या इकडं, दाजी. दिला नाही. त्याच्याकडे गेला की शहाण्यासारखा बसतो, ते मला बघवत नाही.

प्रत्येक फोटोत मी ओरडतोय. शेवटी गेणबाला नुसत्या बिल्डिंगचा फोटो पाठवला. त्याने विचारलं, गूगलवरनं घेतला का?

९ फेब्रुवारी
उद्या परत. शेवटची संधी. बिस्किटं वरच्या खिशात. या वेळी फेल जाणं शक्य नाही.

१० फेब्रुवारी, एअरपोर्ट
हे शांतपणे लिहायचं.

गेटपाशी सत्यजीत म्हणाला, दाजी, ताईला तुम्ही नीट ठिवलंय, दिसतंय मला. मांडवात कान जरा जास्तच पिळला. ती जाणार, त्याचा राग तुमच्यावर काढला. आता तुम्ही पिळा, फिट्टंफाट. आणि मान वाकवून कान पुढे केला.

तीन वर्षं वाट पाहिलेला कान. माझ्या एका हातात बॅगा, दुसऱ्यात स्वराज. बॅगा खाली ठेवता आल्या असत्या. पण मी तेजश्रीला म्हणालो, व्हिडिओ काढ, भाचाच पिळेल. स्वराजला पुढे केलं, 'मामा' म्हणालो.

स्वराजने मामाच्या कानाकडे पाहिलं. त्याच्या गालावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळला आणि या वेळी दोन्ही हात वापरले. मी 'आई गं' म्हणालो. माईकची गरज पडली नाही.

आत गेल्यावर मागे पाहिलं. सत्यजीत तिथेच उभा होता. आधी हसत होता, मग डोळे पुसायला लागला. मला वाईट वाटलं. बॅगा खाली ठेवून एकदा हलकेच पिळायला हवा होता. त्याला बरं वाटलं असतं.

१२ फेब्रुवारी, शिक्रापूर
तेजश्रीने व्हिडिओ ग्रुपवर टाकला. जुना व्हिडिओ आता कुणी बघत नाही, ठरवल्याप्रमाणे.

कंपनीत गेलो. गेणबाने आज दोन्ही कान धरले.