सोळा लाद्या

५ डिसेंबर

चि. बारकूस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार पानं लिहिलीस, त्यातली तीन तुझ्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटची जाहिरात. लिफ्ट आहे, पहारेकरी आहे, न्हाणीघरात धरायला दांड्या आहेत, कबुतरं येऊ नयेत म्हणून सगळ्या खिडक्यांना जाळ्या आहेत. वाचता वाचता प्रश्न पडला की हा बहिणीला बोलावतोय की कैद्याला. अरे, माझा खुबा मोडला, डोकं शाबूत आहे. हॉस्पिटलातून घरी येऊन आज तीन आठवडे झाले. वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत माझी मी जाते, माझा चहा मी करते. तो तुझ्या बायकोच्या चहापेक्षा बरा होतो, हे तिला सांगू नकोस.

बाकी दिवसभर मागच्या खिडकीत बसते. चाळीस वर्षं शाळेच्या गणवेशांचं कापड कापण्यात गेली, मान वर करून अंगणाकडे बघायला सवड कुठली? आता बघते तर तिथे भलतीच वर्दळ. थंडी पडल्यापासून कुंपणाच्या भिंतीवर चिमण्यांची रांग लागते. होल्यांची एक जोडी येते, नवरा पुढे, बायको मागे, दोघंही कायम रुसलेले. आणि एक काळापांढरा धोबी पक्षी आहे. शेपटी सारखी खालीवर करत एकेक लादी तपासत फिरतो, मध्येच थांबतो, मान डोलावतो, काहीतरी चुकलंय अशा चेहऱ्याने पुढे जातो. त्याचं नाव मी इन्स्पेक्टर ठेवलं आहे. कोणाची आठवण झाली ते विचारू नकोस.

आता कामाचं. मागच्या दारापासून भिंतीपर्यंत सोळा लाद्या आहेत. परीक्षेत आपटून माझ्याकडे राहायला आला होतास, त्या उन्हाळ्यात तूच बसवल्यास. आजपासून मी पक्ष्यांसाठी ताटलीत दाणे ठेवणार. आज पहिल्या लादीवर, मग दर पाच दिवसांनी एकेक लादी पुढे. फेब्रुवारी संपायच्या आत भिंतीपर्यंत जाऊन माझी मी परत आले, तर फ्लॅटचा विषय तू जन्मात काढायचा नाहीस. नाही जमलं, तर मुकाट्याने बॅग भरीन आणि हे घर विकायच्या कागदांवर तू म्हणशील तिथे सही करीन. आहे कबूल?

लोभ असू दे, लुडबुड नको.
तुझी आक्का

---

११ डिसेंबर

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, आक्कांशी पैज लावू नका, आजवर एकदा तरी जिंकलात का? तरीही कबूल आहे, कारण मी नाही म्हटलं तरी तू चालणारच. पण अटी माझ्या. पंचवीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. अपघातांचे दोनशेच्या वर अहवाल या हाताने लिहिले आहेत. माणसं कशी पडतात हे मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक, लाद्यांवर ऊन आल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. दंवावरून धडधाकट माणसं घसरलेली मी पाहिली आहेत. दोन, पायात रबरी तळाचे बूट हवेत, त्या झिजलेल्या सपाता नकोत. तीन, एकदा जरी पडलीस, तरी पैज तिथेच संपली.

तुला मी कडक वाटत असेन. पण हॉस्पिटलातून फोन आला त्या दिवशी मला गाडीची किल्ली भोकात घालता येईना. आई गेल्यावर मला तू वाढवलंस. तू त्या घरात एकटी पडली आहेस आणि कोणाला पत्ता नाही, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या शेजारच्या पोस्टमास्तरांना लक्ष ठेवायला सांगितलं आहे. ते निवृत्त आहेत, त्यांना वेळच वेळ.

रागावूनही लोभ करतेस, तसाच करत राहा.
तुझा बारकू

---

२ जानेवारी

चि. बारकूस,
अ. उ. आ. वि. वि.

ताटली सहाव्या लादीवर आहे. तुझ्या अटी खिळ्याला टांगल्या आहेत, बूटही घालते. बूट इतके कुरूप आहेत की खाली बघवत नाही, त्यामुळे आपोआप समोर बघून चालते.

पहिले दहा दिवस ताटलीकडे एक पाखरू फिरकलं नाही. दाराच्या इतक्या जवळ यायला ती काय खुळी आहेत? मी खिडकीत, ती भिंतीवर, मध्ये दाणे. शेवटी तिसऱ्या लादीवर एक चिमणी उतरली, एक दाणा उचलून चोरासारखी पळाली. मग तिने गावभर केलं असावं. आता साडेदहाला ऊन आलं की सगळी हजर असतात, आणि मला उशीर झाला तर भिंतीवरून आरडाओरडा. इन्स्पेक्टर दाण्यांना तोंड लावत नाही. तो लाद्यांच्या फटींतले किडे टिपतो. म्हणजे तुझ्यासारखंच, ताटात वाढलेलं सोडून फटीत काय आहे ते बघायचं.

तुझे पोस्टमास्तर गच्चीवर दुर्बीण घेऊन उभे असतात. मी विचारलं तर म्हणाले, पक्षी बघतो. पक्षी अंगणात आणि दुर्बीण माझ्यावर. एक दिवस मी त्यांना हात हलवून दाखवला, तेव्हापासून आकाशाकडे बघायला लागले आहेत.

दुखत नाही असं म्हणणार नाही. परतताना चौथ्या लादीवर डोळ्यांत पाणी येतं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणते, आजी, थोडं कमी करा. मी तिला म्हटलं, बाई गं, कमी करायला माझ्या भावाने सातव्या मजल्यावर सोय करून ठेवली आहे.

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ वाढव, काळजी आवर.
तुझी आक्का

---

३० जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पोस्टमास्तरांचं पत्र आलं. तू रविवारी पडलीस. ते गच्चीवर आले तेव्हा तू लाद्यांवर बसलेली होतीस. ते जिना उतरून कुंपणाशी पोचेपर्यंत नळाला धरून उभी राहिलीस आणि त्यांना सांगितलंस की कपड्यांचा चिमटा शोधत होते. आक्का, पंचवीस वर्षं मी कामगारांच्या थापा ऐकल्या आहेत. इतकी फुसकी एकानेही मारली नाही.

पाच दिवस झाले आणि तू मला एक ओळ लिहिली नाहीस. त्याचा राग जास्त आहे. शनिवारी, सात तारखेला येतो. सोमवारची परतीची दोन तिकिटं काढली आहेत. पैज संपली. तुझी बॅग मी भरीन, तू नुसती बसून राहा.

बायकोने तुझी खोली तयार केली आहे. पडदे निळे लावले आहेत, तुला आवडतात म्हणून.

आत्ता लोभ मागायचीही हिंमत नाही.
तुझा बारकू

---

४ फेब्रुवारी

चि. बारकूस,
अ. उ. आ. वि. वि.

हो, पडले. दंव होतं. तुझी पहिली अट मी मोडली, सकाळी आठलाच बाहेर गेले. चूक माझी, पुरी माझी. त्यावर आणखी काथ्याकूट नको.

आता पुढचं ऐक. अकराव्या लादीवर पडले, वॉकर तिकडे लांब, ताटली उलटी, दाणे सगळ्या अंगावर. चाळीस मिनिटं तशीच होते. पहिली पाच मिनिटं घाबरले, खोटं कशाला बोलू? पाय हलवून पाहिला, हलला. मग म्हटलं, जरा दम खाऊ. आणि बारकू, सगळी खाली उतरली. चिमण्या माझ्या बाहीवरचे दाणे वेचत होत्या. एकीच्या गळ्याखाली काळा डाग नव्हता, ती मादी, आणि तिच्या भुवईवर फिकट रेघ असते हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. होल्याची बायको माझ्या पदराशी येऊन बसली, नवरा मागे राहिला. मी श्वास धरून पडले होते. पाठीखाली गार, अंगावर एवढीएवढीशी नखं. तू डोळ्यांपुढे आणतोस ना ते चित्र, आक्का एकटी पडली आहे आणि कोणाला पत्ता नाही, ते खरं असं होतं. मी एकटी नव्हते आणि सगळ्यांना पत्ता होता.

मग सरकत नळापर्यंत गेले, पाइपला धरून उठले. माझी मी.

पैज हरले हे मान्य. शब्द दिला होता की बॅग भरीन. तो शब्द मी मोडते आहे. सत्तर वर्षं दिलेला एकूणएक शब्द पाळला, आता एक मोडायचा हक्क मी कमावला आहे. तुझ्या बायकोला सांग, पडदे सुंदर असतील, पण पडद्यामागे जाळी आहे. मी येणार नाही. मला उचलून न्यायचं असेल तर चार माणसं आण, मी चावेन.

तू मात्र ये. तुझ्यावरचा लोभ आहे तिथेच आहे.
तुझी आक्का

---

९ फेब्रुवारी, सोमवार
तुझ्या स्वयंपाकघरातून

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस आपण धड बोललो नाही. आत्ता तू मागे दाराशी ताटली घेऊन उभी आहेस, खिडकीतून दिसतेस, आणि माझ्या बसला तासभर आहे. तोंडाने जमणार नाही, म्हणून माझ्या पद्धतीने लिहितो. अपघाताचा अहवाल.

वेळ. तू आठ लिहिलंस. पोस्टमास्तर म्हणतात, ते गच्चीवर आले तेव्हा अकरा वाजून गेले होते. चाळीस मिनिटं मागे गेलं तरी साडेदहाच होतात. लाद्यांवर लख्ख ऊन होतं, त्या कोरड्या होत्या. दंव नव्हतं. तू खोटं बोललीस, आणि बोललीस तेही स्वतःवर दोष घेणारं. असं माणूस कोणाला तरी वाचवायला बोलतं, हे मला नोकरीने शिकवलं.

स्थळ. शनिवारी दुपारभर मी खिडकीत बसलो होतो, तुला वाटलं फुगून बसलाय. मी तुझ्या इन्स्पेक्टरला बघत होतो. तो सोळा लाद्यांवर फिरला, पण अकराव्या लादीच्या फटीशी तीनदा परत आला. तिथे फट रुंद आहे, किडे जास्त आहेत. काल मी खाली बसून लादी दाबली. ती हलली. एका कोपऱ्याखाली सिमेंट नाही, नुसती वाळू होती, तीही वाहून गेलेली. तू दारातून म्हणालीस की राहू दे रे, जुनी आहे ती. तेव्हा माझी खात्री झाली की तुला माहीत होतं.

कारण. अडतीस वर्षांपूर्वी त्या दिवशीचं सिमेंट अकराव्या लादीशी संपलं. आणायला जायचा मला कंटाळा आला. वाळू सारून लादी दाबली आणि तुला सांगितलं, मजबूत बसली. उरलेल्या पाच दुसऱ्या दिवशी नीट बसवल्या. आणि मला हेही आठवतं की बादली हातात असली तरी तू तिथे एक ढांग लांब टाकायचीस, दहाव्या लादीवरून थेट बाराव्या लादीवर. मला वाटायचं ही तुझी चालायची तऱ्हा. अडतीस वर्षं तू माझी चूक ओलांडून जात होतीस आणि मला कळू दिलं नाहीस. वॉकर घेऊन ती ओलांडता येईना, म्हणून पडलीस.

निष्कर्ष. पडलेल्या व्यक्तीचा दोष नाही. दोष लादी बसवणाऱ्याचा. सबब तिसरी अट लागू होत नाही, पैज चालू आहे आणि तुला शब्द मोडायची गरज नाही.

शिफारशी. लादी काल नव्याने बसवली, फटी भरल्या आहेत, तीन दिवस तिच्यावर पाय ठेवू नकोस. रोज रात्री आठला मला फोन करावा. तुझं तिकीट या कागदासोबत ठेवलं आहे. धान्याचा डबा डगमगतो, त्याखाली घडी करून घाल.

आक्का, मला माफ कर.

लोभ मागत नाही, तो तू न मागता दिलास.
तुझा बारकू

---

२७ फेब्रुवारी

चि. बारकूस,
अ. उ. आ. वि. वि.

अहवाल मंजूर. तिकीट डब्याखाली चपखल बसलं. फोनची शिफारस नामंजूर, आठला मी झोपायच्या तयारीत असते. पत्र लिहीत जा, तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायासारखं आहे, ते सुधारेल.

एक हरकत मात्र नोंदवून घे. लादी बसवणाऱ्याचा दोष, असं तू लिहिलंस. त्या पोराला मी तुझ्यापेक्षा जास्त ओळखत होते. नापास होऊन आला तेव्हा आठ दिवस धड जेवला नव्हता, भिंतीकडे तोंड करून पडायचा. लाद्या बसवायला लागला आणि अकराव्या लादीच्या दिवशी संध्याकाळी येऊन म्हणाला, आक्का, भूक लागली. चार वेळा वाढून घेतलं. लादी हलते हे मला दुसऱ्याच दिवशी पायाला कळलं. मी कशाला बोलतेय? मला लादीची पडली होती थोडीच. त्या लादीला कोणी नावं ठेवलेली मी तेव्हा खपवून घेतली नसती, आजही घेणार नाही. माफी बिफी परत घे.

काल मी भिंतीपर्यंत गेले. सोळाव्या लादीवर उभी राहून दोन्ही हात भिंतीवर टेकले. चिमण्या उडाल्या नाहीत, हातभर सरकल्या, तेही कुरकुर करत. येताना वॉकर तिथेच ठेवला आणि त्याला अडकवून नेलेल्या काठीवर परत आले. सकाळपासून त्याच्या दांडीवर होल्यांनी संसार मांडलाय. आता तो त्यांचा. पोस्टमास्तरांनी गच्चीवरून टाळ्या वाजवल्या, त्यांना साक्षीला बोलाव हवं तर.

आणि अकरावी लादी. इतक्या वर्षांची सवय, पाय आपोआप लांब पडायला गेला. मी तो मागे घेतला, लादीवर ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि काही न धरता उभी राहिले. हलली नाही. खाली बघितलं तर तिच्या कडेला, तू भरलेल्या फटीत, तीन बोटं पुढे एक मागे अशी बारीक पावलं उमटली आहेत. सिमेंट ओलं असतानाच इन्स्पेक्टर येऊन तपासून गेला होता. तुझ्या अहवालावर सही राहिली होती ना, ती झाली. आता सिमेंट वाळलं आहे.

लोभ असावा. फ्लॅटचा विषय नसावा.
तुझी आक्का