ट्रिनाचं शेवटचं दर्शन

कॉपर फोर्क, ४ नोव्हेंबर

तीर्थरूप लुएला वन्संना,

ऑर्फाचा वाकून नमस्कार. (वाकणं आता कागदावरच जमतं.) तुमचं कमरेचं हाड जुळत आलं असेल, पाळलेलं मांजर तुम्हाला सोसत असेल, आणि कोलंबस शहरातले शेजारी तुमच्या मनासारखे वागत असतील, अशी आशा आहे. माझं मागचं पत्र तुम्ही लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलंत, ते मिळालं. चाळीस वर्षं मास्तरीण होतात, हात गप्प बसत नाही, हे मी समजू शकते. माझी शाळा सहावीला सुटली आणि तेव्हापासून मी जी चुकते ती तशीच चुकते आहे. हे पत्र निव्वळ आभाराचं आहे, काही मागायला लिहिलेलं नाही, म्हणून निवांत वाचा.

आभार त्या मासिकाच्या पानाचे. 'बायकांसाठी हॅलोविनच्या चोवीस कल्पना, मेकअपसकट.' नऊ नंबरला तुम्ही लाल गोल करून शेजारी 'ट्रिनासाठी' लिहिलं होतंत. नऊ नंबर म्हणजे मेलेली नवरी. ज्या पोरीला नवऱ्यानं टाकलं तिला हे सुचवायला मास्तरणीचंच काळीज लागतं. पण शेवटी तोच नंबर कामी आला, म्हणून मी काही बोलत नाही.

तुमच्या भावाची नात ईस्टरपासून माझ्या माडीवर आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे. कर्टिस आपले कपडे आणि मासेमारीची होडी घेऊन दातांच्या दवाखान्यातल्या त्या ब्रँडीकडे राहायला गेला, त्या दिवसापासून ट्रिना घराबाहेर पडली ती फाटकावरच्या टपालपेटीपर्यंत, आणि तीही गाऊनमध्ये. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सोडली. केस विंचरणं सोडलं. मी लाडिगोडी लावणाऱ्यातली नाही. जेवण जिन्याच्या तळाशी ठेवायचं, भूक लागली की माणूस उतरतं, हा माझा उपाय. पण जेवून ती पुन्हा वर जायची, त्याला माझ्याकडे उपाय नव्हता.

आणि इकडे हॅलोविन आलं. आपल्या गावाची रीत तुम्ही शहरात राहून विसरला नसाल. बंबवाल्यांच्या हॉलमध्ये सगळं गाव सोंगं घेऊन जमतं, आणि एखादीनं एक वर्ष चुकवलं तर लोक तिला आजारी समजतात, दुसरं चुकवलं की तिच्याबद्दल 'होती बिचारी' असं बोलायला लागतात. ट्रिना आणि कर्टिस अकरा वर्षं जोडीनं गेले. तो मिठाची डबी, ती मिरीची डबी. रुपेरी कापडाच्या त्या दोन्ही डब्या ट्रिनानं स्वतः शिवल्या होत्या, डोक्यावर भोकाभोकाची टोपी. (तीन वेळा बक्षीस. तुमच्या भावानं एकदा मला बटाटा व्हायला सांगितलं होतं म्हणजे पुरी पंगत होईल म्हणून. मी त्याच्याशी आठवडाभर बोलले नाही.) आता मीठ गेलं आणि जाताना मिरीची डबीही कोठीतून उचलून घेऊन गेलं. मी ठरवलं, पोरगी या वर्षी त्या हॉलमध्ये गेली नाही तर पुन्हा कुठेच जाणार नाही. मग ती माडीवर म्हातारी होईल आणि मी खाली, आणि जिना कोण झाडणार.

तेव्हा तुमचं पान स्वयंपाकघरात चिकटवलं आणि कामाला लागले. पहिली मांजर. भुवयांच्या पेन्सिलीनं मिशा काढल्या, काळं नाक केलं. तिनं आरशात पाहिलं आणि रडायला लागली, कारण कर्टिस तिला लाडानं काय म्हणायचा ते मला काय माहीत. मिशा हनुवटीपर्यंत ओघळल्या. मग चेटकीण. हिरवा रंग विकतचा आणायचा नाही म्हणून मी केकमध्ये घालायचा रंग चरबीत कालवून लावला. रंग छान बसला. इतका छान बसला की तीन दिवस निघाला नाही. ती हिरव्या तोंडानं टपाल आणायला गेली तर टपालवाल्यानं पत्रं कुंपणावरून टाकली. मग जलपरी. शेपटीत पाय घातले आणि जिन्यावरून उतरताना बसून बसून यावं लागलं. शेवटी बुजगावणं म्हटलं, तर पेंढ्यानं तिला शिंका सुरू झाल्या त्या शनिवारपर्यंत.

शनिवारी दुपारी ती जिन्याच्या तळाशी बसून म्हणाली, "आजी, मला मेलेलीच कर. तशीही मी आहेच."

मी म्हटलं, "मेलेली बाई सकाळी चार धिरडी मधाशी खात नाही. ऊठ, तोंड धू."

आता नऊ नंबरला लिहिलं आहे की तोंडाला पांढरी भुकटी फासायची, डोळ्यांभोवती काळं आणि ओठांच्या कोपऱ्यातून रक्त. ज्या कुणी बाईनं हे लिहिलं तिनं आयुष्यात एक मयत नीट पाहिलेलं नाही. मी एकतीस वर्षं म्हाताऱ्या ऑलरेडच्या अंत्यविधीच्या दुकानात मयतांचे केस आणि चेहरे केले. या गावातली, तुमच्या आईसकट, अशी बाई नाही की जी पेटीत निजण्याआधी माझ्या हाताखालून गेली नाही. (तुमच्या आईंनी तेवढाच वेळ माझं ऐकून घेतलं.) तेव्हा मी माझी जुनी रंगांची पेटी काढली, ट्रिनाला खुर्चीत मागे रेलवलं आणि पांढरी भुकटी हातात घेतली. आणि वन्सं, हातानं ऐकलंच नाही. हात आपोआप गुलाबी डबीकडे गेला. रक्त नसलं की कातडी राखेसारखी होते, म्हणून आधी गुलाबी अस्तर लावायचं, मग कानांच्या पाळ्या, हनुवटी आणि बोटांची टोकं विसरायची नाहीत. लोक हातच पाहतात. ओठ असे मिटवायचे की बाईला आत्ताच काहीतरी गमतीचं आठवलंय. केसांचा भांग दर्शनाला येणाऱ्या लोकांच्या बाजूनं नीट. पुसलं, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मला माणूस मेलेलं दिसेल असं करताच येत नाही. त्यासाठी मला कुणी कधी पगार दिला नाही.

त्यात ऑगस्टपासून माझा उजवा हात थरथरतो. (हे तुम्हाला लिहिलं नव्हतं. लिहून थांबतो थोडाच.) उजवी बाजू कशीबशी केली आणि डाव्या बाजूला ब्रश नाकावर जाऊ लागला. तेव्हा ट्रिना म्हणाली, "दे इकडे," आणि उजवीकडे बघत बघत तिनं डावी बाजू स्वतः केली. मी चष्मा लावून पाहिलं. कुठली बाजू माझी आणि कुठली तिची, हे मलाच सांगता येईना. मी डबीचं झाकण लावलं. बोललं की बिघडतं.

तिनं आरशासमोर मान उजवीकडे वळवली, मग डावीकडे. मग म्हणाली, "आजी, मी मेलेली नाही दिसत. मी बरी दिसतेय."

"मेलेल्या सगळ्या बऱ्याच दिसतात," मी म्हटलं. "नाहीतर ऑलरेडनं मला ठेवली असती का?"

राहिला लग्नाचा झगा. तो पाठीत बंद होईना. (धिरडी.) त्यावरही आमच्या धंद्यात उपाय आहे, आम्ही कपडा मागून गळ्यापासून कमरेपर्यंत सरळ कापतो आणि पुढून चापूनचोपून बसवतो. ट्रिना ओरडायच्या आत मी कात्री चालवली. पुढून राणी, मागून उघडी. वर माझा स्वेटर घातला आणि ट्रकमध्ये बसवली. अट एकच, स्वेटर काढलास की कुणाकडे पाठ करायची नाही.

हॉलमध्ये पोचलो तेव्हा सहा वाजले होते, आणि दारातच कोण, तर मीठ आणि मिरी. कर्टिस मिठाच्या डबीत आणि ब्रँडी मिरीच्या. ट्रिनानं शिवलेल्या डबीत. डबी तिला कमरेत सैल होत होती, हे मी मुद्दाम लिहिते. ट्रिना मागे वळली, ट्रककडे. मी तिचा दंड धरला. तेवढ्यात बंबवाल्यांच्या कप्तान रॉस्कोनं भोंग्यातून सांगितलं की बायकांची स्पर्धा सुरू होतेय, एकेकीनं मधोमध यावं आणि गोल फिरून दाखवावं. गोल फिरणं आम्हाला परवडणारं नव्हतं. सफरचंदाच्या रसाचं लांब टेबल समोर होतं, पांढरा कागद अंथरलेलं. मी भांडी सरकवली, तिचा स्वेटर काढून घेतला आणि म्हटलं, "फिरू नकोस. आडवी हो. डोळे मीट. हात पोटावर, उजवा वर." तिला विचार करायला वेळ दिला असता तर ती पळाली असती.

आणि वन्सं, हॉल गप्प झाला. भुतं, सांगाडे, तोंडात चाकू खुपसलेला खाटीक, सगळे गप्प. आधी मला कळेना काय झालं. मग म्हाताऱ्या होबर्टनं डोक्यावरची प्लास्टिकची शिंगं काढून छातीशी धरली आणि म्हणाला, "ही ऑर्फाच्या हातची. माझी इर्मा अश्शीच दिसत होती." तेव्हा उजेड पडला. या गावातल्या प्रत्येकानं आपली आई, आत्या, बायको शेवटची पाहिली ती याच गुलाबी रंगात, याच भांगात, असेच ओठ मिटलेली. बाकीच्या बायका रक्त ओघळून आल्या होत्या, त्यांना कोण घाबरतं. आमची ट्रिना मात्र सगळ्यांच्या ओळखीची होती.

मग त्यांनी, कुणी न सांगता, रांग लावली. मयताच्या दर्शनाची सवय. हातात टोपी घ्यायची, पुढे यायचं, पेटीच्या काठाला हात लावायचा आणि गेलेल्या बाईबद्दल एक चांगलं वाक्य बोलायचं. कुणाला हसू येत होतं, कुणाला नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली थोरली बाई भोपळ्याच्या सोंगात आली आणि म्हणाली की ट्रिना गेल्यापासून रश्शात गुठळ्या होतात आणि पोरं ताटं तशीच परत करतात. टपालवाला म्हणाला, हिरवी असतानाही ती मला गुड मॉर्निंग म्हणाली होती, मीच पळालो. मग कर्टिसची आई ग्लेनिस आली, मधमाशीच्या वेषात, पंख एकीकडे कललेले. टेबलाचा काठ धरला आणि म्हणाली, "अशी सून मला परत मिळायची नाही. पोराला वाढवलं मी, चूक माझीही आहे." ट्रिनाच्या मिटल्या डोळ्यातून एक ओघळ कानाकडे निघाला. मी कापूस घेऊन तयारच होते. गुलाबी अस्तरावर पाणी पडलं की डाग पडतो.

ग्लेनिसच्या मागे तिचा पोरगा. रांगेतून बाहेर पडायला त्याला जागा राहिली नव्हती, पुढे आई आणि मागे सगळं गाव. भोकाभोकाची टोपी हातात फिरवत तो उभा राहिला. इतका वेळ की मागचे चुळबुळायला लागले. शेवटी म्हणाला, "ट्रिना, मला तुला सांगायचं होतं की..."

ट्रिनानं डोळे उघडले नाहीत, ओठही फार हलवले नाहीत. म्हणाली, "कर्टिस, रांग खोळंबलीय. पुढे सरक."

होबर्ट इतका हसला की त्याला खुर्ची द्यावी लागली. ट्रिनाही हसली, हसता हसता उठून बसली, आणि सगळ्या हॉलला तिची उघडी पाठ दिसली. ती विसरलीच होती. मी स्वेटर शोधेपर्यंत ग्लेनिसनं आपले पंख काढून तिच्या पाठीवर बांधले. मग मेलेली नवरी पंख लावून दोन वाट्या खिमा-राजमा खाऊन आली आणि कप्तान रॉस्कोबरोबर नाचली. पहिलं बक्षीस आमचंच, गोठवलेली टर्की. ब्रँडी लवकर गेली. मिरीची डबी दारामागे नीट घडी करून ठेवून गेली, तेवढं तिचं चांगलं.

रविवारी सकाळी जेवण जिन्याच्या तळाशी ठेवलं तर ते तिथेच राहिलं. मी वर जाऊन पाहिलं. खोली रिकामी, गादी झटकलेली. ती चर्चला गेली होती. केस विंचरून.

एवढंच. हाडाला शेक देत जा. मांजराला माझे आशीर्वाद.

तुमची भावजय,
ऑर्फा

ता. क. धाकटा ऑलरेड त्या दिवशी हॉलमध्ये होता. माझ्यानंतर तो चेहरे फवाऱ्यानं रंगवतो, आणि लोक म्हणतात की गेलेला माणूस भोपळ्यासारखा दिसतो. त्यानं मला विचारलं, डावी बाजू कुणाची. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, मयतांचे चेहरे करायचा परवाना आणला तर जागा तिची. परवान्याची शाळा तुमच्याच रस्त्यावर, तुमच्याच चर्चशेजारी आहे, असं तुम्ही एकदा तक्रार करताना लिहिलं होतंत. तुमची मागची खोली रिकामी असते, हेही तुम्हीच लिहिलं होतंत.

ता. क. मी काही मागणार नाही असं वर लिहिलं आहे, ते लाल शाईनं खोडा.

ता. क. ती मंगळवारच्या बसनं निघाली. हे पत्र पोचेल तोवर दार वाजलं असेल. तिला सकाळी चार धिरडी लागतात. आणि शाळेत सरावाला म्हातारा चेहरा लागतो म्हणे. माझा तिला पाठ झालाय, तुमचा नवा आहे. तेव्हा दुपारी थोडा वेळ डोळे मिटून, हात पोटावर ठेवून पडून राहत जा. उजवा वर. आणि ती रंग लावत असताना तिच्याबद्दल एखादं चांगलं वाक्य बोला. तिला आता सवय लागली आहे.