शेपूट नसलेला फुगा

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ठिपक्या,

हे पत्र तुला, आणि तुझ्यामागे उभ्या असलेल्या त्या सगळ्यांना, ज्यांची नावं पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापतात. भाषांतर करणारे, संवादांच्या फुग्यांत अक्षरं भरणारे, चित्रांत अक्षरांनी काढलेले जपानी आवाज खरवडून त्या जागी आपले आवाज बसवणारे. आपली सगळ्यांची तक्रार एकच आहे. काम चांगलं झालं की आपण कुणाला दिसत नाही आणि बिघडलं की फक्त आपणच दिसतो. इतकी वर्षं आपण हे सोसलं, कारण निदान दुसऱ्याचं काम झाकायला कुणी आपल्याला सांगत नव्हतं. आता सांगतायत.

बघ, पत्राची सुरुवातच सभेसारखी झाली. सवय वाईट. तर आधी घरातलं. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर वाकून चित्रांतल्या छटांचे ठिपके साफ करतोस म्हणून मी तुला ठिपक्या म्हणायला लागले, आता वाटतं, हाक मारण्याऐवजी चांगली खुर्ची घेऊन द्यायला हवी होती. माझा घसा बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बोलणं कमी करा." मी म्हटलं, "मग उरेल काय?" त्या हसल्या नाहीत. आपल्या बाबांची खोली ते गेल्यापासून अजून आवरलेली नाही. रोज दार उघडते, खिडकी उघडते, परत येते.

गेल्या आठवड्यात ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान झालं. विषय आपलाच: जपानी ‘बॉईज लव्ह’ चित्रकथा, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या, बहुतेक बायकांनी काढलेल्या आणि बहुतेक बायकांनीच वाचलेल्या. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पहिल्या रांगेत एक निवृत्त गृहस्थ छान झोपले होते. मी बोलले जोरातच. म्हटलं, ह्या चित्रकथांतलं सगळंच डोक्यावर घ्यायच्या लायकीचं आहे असं मी म्हणत नाही. एक उंच, एक बुटका. एक मागे लागणार, दुसरा नाही-नाही म्हणणार, आणि त्या ‘नाही’चा ‘हो’ करण्यालाच प्रेम म्हणायचं, असला कचरा मीही ढिगाने वाचलाय आणि त्याला कचराच म्हणते. पण ज्या मुलींना स्वतःच्या इच्छेबद्दल चकार शब्द काढायची सोय नव्हती, त्यांनी ती इच्छा दोन पुरुषांच्या चेहऱ्यांवर ठेवली आणि मग जगातली सगळी फुलं त्यांच्यामागे काढली. लोक त्या फुलांना हसतात. मी म्हटलं, हसा, पण आधी सांगा, तुमच्या मनात कुणीतरी शिरलं तेव्हा मागची भिंत तुम्हाला दिसत होती का? त्या बायकांनी भिंत काढलीच नाही. चूक काय केली?

टाळ्या पडल्या, थोड्या. मग एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, "ताई, तुम्हाला ह्याच विषयाचा एवढा पुळका का? घरात कुणी आहे का तसं?"

उत्तर होतं, पण ते उत्तर माझ्या मालकीचं नव्हतं. पाणी प्यायले आणि पुढचा प्रश्न घेतला.

असो. आता मुद्द्याचं.

पाचव्या भागाचं शेवटचं प्रकरण मी पाठवलं ते तुला मिळालं असेल. आपला पूल तपासणारा इंजिनिअर आणि त्याला पोहायला शिकवणारा मास्तर. चार भाग हे दोघे एकमेकांना ‘उद्या वेळ आहे का’ यापलीकडे काही विचारत नाहीत. तुला आठवतं, पहिल्या भागात चौकटी कशा होत्या? सरळ, जाड रेघांच्या, खुराड्यासारख्या. दुसऱ्यापासून त्या चित्रकार बाईने चौकटी तिरप्या करायला घेतल्या, मग रेघ बारीक केली, मग एखाद्याचा हात चौकटीबाहेर येऊ लागला. आणि शेवटी ते पान. चौकट नाही, फूल नाही, ठिपका नाही, शब्द नाही. मास्तर ओल्या केसांनी बसलाय, इंजिनिअर टॉवेलने त्याचं डोकं पुसतोय, आणि टॉवेलच्या कडेखाली दोघांचे ओठ टेकलेत. पाच भाग वाट बघून तिने एवढंच काढलं. उरलेलं सगळं पान पांढरं.

काल मालकाचा फोन आला. आपला प्रकाशक माणूस वाईट नाही, घाबरट आहे, आणि घाबरट माणसं फार गोड बोलतात.

"बाई, दुकानवाले पुस्तक ठेवायला तयार नाहीत. तेवढं एक पान आड येतंय."

"मग?"

"मग काही नाही. एक फुगा टाकू. मोठासा. तोंडावर. तुम्ही त्यात दोन शब्द द्या. वाचणाऱ्यालाही बरं वाटेल, पान अगदीच रिकामं दिसतंय."

"रिकामं? अहो, ज्या बाईने ते काढलं तिला विचारलंत?"

"तिला कशाला त्रास? तिकडे कुणाला मराठी येतंय?"

आणि त्याने पान पाठवलं. फुगा आधीच बसवलेला. ठिपक्या, तो कुणी काढला मला ठाऊक नाही. छापखान्यातल्या कुणीतरी नवशिक्याने काढला असेल. ज्याने काढला त्याला तू सांग, की हे काम आपण करत नाही. आपण दोघांनी मिळून मालकाला नाही म्हणायचं. मी एकटी ओरडले तर तो म्हणेल, बाईंना ओरडायची सवयच आहे. तू कधी ओरडत नाहीस, म्हणून तुझ्या ‘नाही’ला वजन आहे.

लवकर लिही.

तुझी,
घसा बसलेली ताई

मंगळवार, १९ मार्च

प्रिय ठिपक्या,

तुझं उत्तर मिळालं. ‘ताई, भाषण नको. फुगा मीच काढलाय. वाक्य पाठव. थकलोय.’ मी ते स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून वाचलं.

भाषण देणार नाही. देता येतही नाही, घशातून नुसती हवा येते. पण मागच्या पत्रात मी तुझ्याशी वकिलासारखी वागले, ते आधी सरळ करते. फुगा तुझा आहे हे मला पान बघताच कळलं होतं. सगळ्या छापखान्यात फुगे हाताने काढून मग पानावर चढवणारा तू एकटाच. दुसरे यंत्रातला तयार अंडाकार उचलतात. तुझ्या फुग्याची कड खालच्या बाजूला जराशी थरथरते, ती मी ओळखणार नाही का? पण मला वाटलं, तुला मागे फिरायला एक दार उघडं ठेवावं. ‘कुणीतरी नवशिका’ हे ते दार होतं.

आणि आणखी एक गोष्ट दिसली. त्या फुग्याला शेपूट नाही.

बोलणाऱ्याच्या तोंडाकडे जाणारी ती लहानशी टोकदार शेपूट. पहिल्या पुस्तकाच्या वेळी मी चुकून इंजिनिअरचं वाक्य मास्तरच्या फुग्यात लिहिलं, तर तू मला फोनवर केवढं झापलं होतंस. "ताई, शेपूट बघ ना आधी! कोण बोलतंय तेच माहीत नसेल तर काय बोलतो त्याला काय अर्थ?" असं झापणारा माणूस फुग्याला शेपूट काढायला विसरेल? तू विसरला नाहीस. तू ती मास्तरकडे न्यायला गेलास, नेववली नाही. इंजिनिअरकडे न्यायला गेलास, तेही जमलं नाही. त्या दोघांपैकी कुणाच्याही तोंडी खोटं घालायला तुझा हात वळला नाही. म्हणून तो फुगा असाच लटकतोय, कुणाचाच नसलेला.

आता ते लिहिते, जे मागच्या पत्रापासून टाळतेय.

तुझा घड्याळवाला माझ्याकडे आहे. बाबा गेल्यानंतरच्या रविवारी आला. हत्यारांची पेटी, दोन शर्ट, आणि तुम्हा दोघांच्या घरातल्या भिंतीवरचं ते लंबकाचं घड्याळ उराशी धरून. दारातच म्हणाला, "ताई, थोडे दिवस. तुमची सगळी घड्याळं चुकीची चालतात, तेवढी दुरुस्त करतो आणि जातो." माझ्या घरात एकच घड्याळ आहे. ते त्याने तीनदा उघडून पुन्हा लावलंय.

मी विचारलं, "भांडलात का?"

"छे. तुमचा भाऊ भांडतो कुठे? तो सगळ्याला हो म्हणतो. आधी मला हो म्हणाला, मग लोकांना."

त्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं होतंच. बाबा गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांनी घर भरलं होतं. मोठ्या काकांनी घड्याळवाल्याकडे बोट दाखवून तुला विचारलं, "हे कोण?" तू म्हणालास, "हे आमच्या इमारतीत राहतात." आणि तो शहाणा माणूस काकांना नमस्कार करून म्हणाला, "हो, तिसऱ्या मजल्यावर." ज्याने बाबांच्या शेवटच्या महिन्यात त्यांची नखं कापली, त्यांच्या चष्म्याची दांडी बसवली, ज्याला बाबा तुझ्याआधी हाक मारायचे, तो माणूस नंतर दाराजवळच्या स्टुलावर शेजाऱ्यासारखा बसून राहिला.

त्याला राग आलाय का, म्हणून मी विचारलं. भिंग डोळ्यावरून न काढताच म्हणाला, "खोटं कुठे बोलला तो? राहत होतोच की मी त्या इमारतीत." मग एक बारीक स्क्रू चिमट्याने उचलून जागेवर बसवला. "आता राहत नाही, एवढंच."

ठिपक्या, मी हे तुला बोचावं म्हणून लिहीत नाही. काकांसमोर काय बोलायचं हे ठरवायचा हक्क तुझा आहे. मी व्यासपीठावरून जगाला सांगते की लपू नका. खाली उतरून प्रत्येकाच्या दारात, नोकरीत, जिन्यात उभं राहायला मी जात नाही. तिथे तू उभा असतोस. दुकानदार, मालक, काका, शेजारी, ह्या सगळ्यांना रोज थोडं थोडं हो म्हणत माणूस किती झिजतो ते मला तुझ्या त्या चार वाक्यांत दिसलं. ‘थकलोय’ हे तू पहिल्यांदाच लिहिलंस. मीही थकलेय. बाबांच्या खोलीची खिडकी उघडते ना रोज, ती बंद करायचीसुद्धा ताकद संध्याकाळी उरत नाही. म्हणून म्हणते, दोन थकलेल्या माणसांनी जगाशी लढायचं नाही. एका पानापुरतं बघायचं.

मी वाक्य लिहिलं होतं, हेही सांगते. मालकाचा फोन ठेवला आणि सवयीने लिहून गेले. चांगलं उतरलं होतं, त्या फुग्यात अगदी नेमकं बसलं असतं. मी ते घड्याळवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सुंदर आहे. पण ताई, केस पुसताना कोण एवढं बोलतं?" मी कागद फाडला. आयुष्यभर मी शब्द पुरवत आले, मागितले तिथे आणि न मागितले तिथेही. हे पहिलं ठिकाण, जिथे माझं काम शब्द न देणं आहे.

तेव्हा वाक्य येणार नाही. आजही नाही, मालकाने दहा वेळा फोन केला तरी नाही. रिकामा फुगा छापता येत नाही, हे त्यालाही कळतं. तो चिडला तर म्हण, बाईंनी वाक्य दिलंच नाही. ते खरंच आहे, तुला खोटं बोलावं लागणार नाही. दुकानवाल्यांशी काय बोलायचं ते मी बघेन, घसा सुटला की. सुटला नाही तर लिहून.

तो परत कधी येईल, तू त्याला बोलवावंस का, ते तुमच्या दोघांचं. मी मध्ये पडणार नाही. मी हे लिहितेय हे त्याला माहीत नाही. तो बाहेरच्या खोलीत माझं ते एकुलतं घड्याळ चौथ्यांदा उघडतोय.

माझं मागणं एकच आहे. पान गुरुवारी छपाईला जातंय. पत्र मिळताच छापखान्यात जा, ते पान उघड आणि तो फुगा काढून टाक. त्या बाईने जसं काढलंय तसं, टॉवेल, ओले केस आणि उरलेला पांढरा कागद, जाऊ दे मशीनवर.

तुझी,
ह्या वेळी एक शब्दही न देणारी
ताई