उंडीच्या तेलाची बाटली

रत्नागिरी,
२४ जानेवारी १९८६

प्रिय दमू,

या पत्राबरोबर फडक्यात बांधून जे पाठवलंय ते आधी सोडू नकोस. वास येईल, तो येऊ दे. आधी पत्र वाच. तुझ्या आईचा निरोप रविवारीच अण्णांकडे आला आणि मागोमाग तुझं पाकीटही मिळालं. तेव्हापासून आमच्या घरात नुसती धांदल आहे. अण्णांनी पेढे आणले, ते आळीत वाटूनही झाले. आई कपाट उघडून साड्या बाहेर काढते, बघते आणि परत ठेवते. मला मात्र अजून कुणी काही विचारलेलं नाही. होकार तुमच्याकडून यायचा होता, तो आला, आता माझं काय विचारायचंय? मी तुला पत्र लिहायला बसतेय म्हटल्यावर आईने टेबल स्वतः पुसून दिलं. तिला वाटतंय, वन्सं म्हणून तुझी थट्टा करायला बसलेय. तर ऐक गो दमू. तुझ्या भावाशी मी लग्न करणार नाही. हे पहिल्याच पानावर लिहून टाकते, नाहीतर तू शेवटचं पान आधी उघडशील. तुझी कादंबऱ्या वाचायची खोड मला ठाऊक आहे.

हरी आवडत नाही म्हणून नाही म्हणतेय असं समजू नकोस. तुझ्यापासून काय लपवायचं, मला तो आवडत होता. चांगलाच आवडत होता. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्याकडे चिपळूणला यायची, तेव्हा तोही मुंबईहून आलेला असायचा. तुमच्या पडवीत बसून मी एकेकाच्या नकला करायची आणि तो चहाचा कप खाली ठेवून हसत सुटायचा. पुढे मी टेलिफोन एक्स्चेंजला लागले, तर ट्रंक कॉलवर ओरडणाऱ्या लोकांच्या नकला कर म्हणून तोच मागे लागायचा. तू जेव्हा पहिल्यांदा सुचवलंस की तुमच्या घरात माझा विषय निघालाय, त्या दिवशी मी दापोलीचा कॉल देवगडला जोडून दिला आणि दोन्हीकडच्या शिव्या हसत ऐकून घेतल्या. इतकी मी खुळावले होते.

आणि मग गेल्या मे महिन्यातला तो दिवस. आपण दोघी त्याबद्दल कधी बोललोच नाही. तू बोलली नाहीस म्हणून मीही बोलले नाही. पण आज बोलणार आहे. तुम्ही तिघं आमच्याकडे आलात. तू, हरी आणि तुझी आई. मी नारळाच्या वड्यांचं ताट ठेवलं, नमस्कार केला. तुझ्या आईने मला हाताला धरून खिडकीपाशी नेलं, हनुवटी धरली आणि तोंड उजेडाकडे वळवलं. आधी एक गाल, मग दुसरा. बाजारात पापलेट घेताना कल्ला उचलून बघतात ना, तसंच. तेव्हा माझ्या तोंडावर मुरमं होती, मोठी, पिकलेली, हे मी कुठे नाकारतेय? पण ती काही त्याच दिवशी उगवली नव्हती. कॉलेजात असल्यापासून होती. तुझ्या आईने मला कितीदा जेवायला वाढलंय, आग्रह करकरून वाढलंय. तेव्हा तिला ती कधी दिसली नव्हती. त्या दिवशी मात्र ती आमच्या आईला म्हणाली, "मुलगी गुणाची आहे, पण तेवढं तोंड निवळू दे. दिवाळी होऊन जाऊ दे, मग परत बघू." हरी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. आणि तू, दमू, तू ताटातल्या वडीकडे बघत बसलीस. तुम्ही गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन रडले, पण तुझ्या आईसाठी नाही रडले. तुझ्यासाठी रडले.

त्यानंतर आमच्या आईने माझं तोंड म्हणजे घरचं कार्यच करून टाकलं. येईल ती बाई औषध सांगून जायची. कुणी लिंबू चोळ म्हणे, कुणी चंदन उगाळ. शेजारणीचा मुलगा बोटीवर आहे, त्याने आणलेली एक परदेशी क्रीमची ट्यूबही लावून झाली. त्या क्रीमने आठवडाभर गाल गुळगुळीत झाले आणि नंतर असे पेटले की उशीवर कूस बदलता येईना. आणि आईचा हट्ट एकच, खोबरेल. डोक्याला खोबरेल, अंगाला खोबरेल, भाजलं तर खोबरेल, मग तोंडाला का नको? रोज संध्याकाळी कोमट करून थापायची आणि सकाळी उठून बघावं तर पुटकुळ्या आणखी वाढलेल्या. ती म्हणायची, उष्णता बाहेर पडतेय. कितीशी उष्णता होती गं माझ्यात?

शेवटी येसूआत्या आली. ही अण्णांची थोरली बहीण, इथे जवळच समुद्रकाठी काळबादेवी गावात राहते. तुला ती आठवेल, आपण तिच्याकडे एकदा कैऱ्या खायला गेलो होतो. तिच्या घरामागे समुद्राच्या बाजूला उंडीची झाडं आहेत. त्या फळांचं कडू तेल आपल्याकडे पूर्वी दिव्यात जाळायचे, होड्यांना फासायचे. तेच ती अंगाला फोड आले की लावते. फळं गोळा करायची, फोडून आतला गर उन्हात टाकायचा, तो चांगला तांबूस काळा होईपर्यंत थांबायचं आणि मग घाण्यावर न्यायचं. गर वाळला नसेल तर टिपूसही निघत नाही. हिरवंगार, दाट तेल. आणि वास! दमू, त्या वासाबद्दल मी काय लिहू, तुझ्या नाकापाशीच आहे तो. होडीचं तेल मुलीच्या तोंडाला लावायचं ऐकून आई उखडलीच. पण दिवाळीची मुदत डोक्यावर होती, त्यामुळे कबूल झाली. कबूल झाली ती अशी की पहिल्या दिवशी तिने ओंजळभर तेल माझ्या तोंडाला फासलं आणि माझं तोंड टोमॅटोसारखं लाल झालं. आत्या दुसऱ्या दिवशी येऊन आईवर अशी कडाडली की अण्णा चप्पल घालून बाहेर पडले. मग मला समोर बसवून म्हणाली, "गो बाय, तुला दुखतंय म्हणून लावायचं तर लाव. कुणाला दाखवायचंय म्हणून लावणार असशील, तर माझी बाटली परत दे." मी तेव्हा हसले. खरं सांगायचं तर मी कुणाला दाखवायलाच लावत होते.

मग पावसाळाभर तो वास घेऊन हिंडले. एक्स्चेंजमध्ये शेजारची बाई खुर्ची सरकवून बसायची. एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची, त्यामुळे मी खिडकीशी ऐसपैस बसून जायची. सुरुवातीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. नंतर एक दिवस लक्षात आलं की मला त्याचं काही वाटेनासं झालंय. कुणी नाक दाबलं तर मी सरळ विचारायची, लावायचंय का तुम्हाला? खोबरेल बंद झालं होतं, ठणका थांबला होता, रात्री कुशीवर झोप लागत होती. दसऱ्यापर्यंत गाल बरेच साफ झाले. तेलाने झाले, खोबरेल सुटल्याने झाले की वयानेच झाले, ते देवाला ठाऊक. खड्डे आहेत थोडे, ते राहणार. मला त्यांची अडचण नाही.

आणि मग गेल्या महिन्यात संगमेश्वरचं लग्न. तुझी आई लांबूनच मला बघत होती, ते मी पाहिलं. पंगतीनंतर हरी आपणहून माझ्याकडे आला. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच. मी हातातला तांब्या खाली ठेवला. वाटलं, आता म्हणेल, त्या दिवशी मी गप्प बसायला नको होतं. एवढं म्हणाला असता ना दमू, तर मी तिथेच सगळं विसरले असते, शपथ. पण तो माझ्या तोंडाकडे बघून हसला आणि म्हणाला, "सगुणा, आता ओळखूच येत नाहीस!" त्याने कौतुकानेच म्हटलं, वाईट मनाने नाही. पण मी मनात म्हटलं, अरे बाबा, इतकी वर्षं तुझ्या पडवीत बसून तुला हसवत होती ती कोण होती मग?

तरीही मी हो म्हटलं असतं. इतकी मी शहाणी नाही. पण तुमचा होकार आला आणि दुसऱ्या सकाळी माझ्या हनुवटीवर एक फोड आला. एकच, मुगाएवढा. आईने तो बघितला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला म्हणाली, तो बसेपर्यंत बाहेर पडू नकोस, चिपळूणला कुणी जाऊन सांगेल. आणि मी, येसूआत्याची भाची, आरशासमोर उभी राहून तो फोड पदराने झाकून बघत होते. माझीच मला किळस आली. मुंबईच्या खोलीत रोज नवऱ्याच्या आधी उठून आरसा बघायचा, आज काय उगवलंय म्हणून? हे मला जमायचं नाही. मी पदर सोडला, फोड तसाच घेऊन कामाला गेले आणि सगळ्यांशी मान वर करून बोलले. अण्णांना मी हे पाकीट पाठवून आले की सांगणार आहे. ते ओरडतील आणि मग जेवायला बसतील. आई रडेल. तिचं मला वाईट वाटतं, पण तिच्या रडण्यापायी मी तिथे नांदायला जाणार नाही. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की मुलगा चांगला आहे, पण त्याला अजून थोडा निवळू दे.

आता फडकं सोड. तुझ्या पत्रात ताज्या कलमात अगदी खाली, कोपऱ्यात कोंबून लिहिलंयस, माझ्याही तोंडावर फार उठलंय गं, शिमगा झाला की मला बघायला येणार आहेत, तुझं ते तेल थोडं पाठवशील का. तुझं आधीचं सगळं पत्र वाचून मला रागच येत होता, पण त्या दोन ओळी वाचल्या आणि मी तशीच येसूआत्याकडे गेले. तिचं उरलेलं सगळं तेल या बाटलीत आहे. आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस थांब, लाली आली तर लावू नकोस. नाही आली तर तीळतेलात थेंबभर घाल आणि फक्त फोडावर टेकव, फासू नकोस. खोबरेल तोंडाच्या आसपासही आणू नकोस, आई काहीही म्हणो. उशीवर दुखतंय म्हणून लाव, येणाऱ्या माणसांसाठी लावू नकोस, नाहीतर माझी बाटली परत पाठव. आणि शिमग्यापर्यंत तोंड साफ झालं नाही, तर तसंच राहू दे आणि मला कळव. मी रजा टाकून सकाळच्या एसटीने येईन आणि तुझ्या शेजारी बसेन. कुणी उठून तुझी हनुवटी धरली आणि तुला खिडकीकडे न्यायला लागलं ना दमू, तर मी ताटाकडे बघत बसणार नाही.

वास घेऊन हिंडणारी, तरी तुझीच,
सगुणा