मी आकाशातून धुऊन टाकलेलं कडं

ड्विंगेलो,
मंगळवार

ती. गेस्काताईस,

विबेचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? (भावोजींना विचारून उपयोग नाही, ते सगळं उत्तम असंच सांगतात.) मी ठणठणीत आहे, फक्त तोंड लपवायला जागा शोधतो आहे.

आमच्या वेधशाळेतल्या आनेखीनला एका आकाशगंगेभोवती ध्रुवीकृत रेडिओलहरींचं अंधूक कडं दिसलं. (ध्रुवीकृत म्हणजे एकाच दिशेत झुलणाऱ्या, त्यांवरून तिथल्या चुंबकीय क्षेत्राचा माग लागतो.) मी तीच निरीक्षणं माझ्या पद्धतीने स्वच्छ केली, तर कडं गायब. मग काय, दुर्बिणीचा वेळ वाटणाऱ्या समितीपुढे मी चाळीस मिनिटं बोललो. सत्य, शिस्त, विज्ञानाची अब्रू, काही म्हणजे काही सोडलं नाही. तिचा अर्ज बाजूला पडला. शुक्रवारी अखेरचा निर्णय आहे, आणि त्यावर तिची पुढली दोन वर्षांची नोकरी.

आता माझी पद्धत ऐक. प्रत्येक अँटेना थोडं खोटं बोलते. किती, ते संख्याशास्त्राने काढून वजा करायचं. मी गणिताला दर दहा सेकंदांनी प्रत्येक अँटेनाचा नवा खोटेपणा शोधायची मुभा दिली. (स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता ना मी!) इतकी मुभा मिळाल्यावर आकाशाच्या माझ्या नकाशात जे जे नव्हतं, ते ते त्याने अँटेनांच्या माथी मारलं आणि पुसून टाकलं.

काल आनेखीनने आणखी निरीक्षणं आणून दिली. मी ती धुतली, चित्र काढलं आणि म्हणालो, "बघ, निर्मळ आकाश."

"विबे, यात मी माझ्या हाताने एक खोटं कडं घातलं होतं," ती म्हणाली. "कुठे गेलं रे ते?"

मी चित्र मोठं करकरून कडं शोधू लागलो. "आज भाषण नाही वाटतं," म्हणत तिने कॉफी पुढे केली, आणि एरवी एका बिस्किटानंतर लगेच बंद होणारा डबा उघडाच ठेवून मला दुसरं बिस्कीट दिलं. तेव्हा कळलं, माझी अवस्था किती केविलवाणी दिसत असेल. रात्रीच मुभा आवळून जुनी निरीक्षणं पुन्हा तपासली. कडं तिने सांगितलं तिथेच होतं.

भावोजींना नमस्कार, आणि जिना सावकाश चढ.

तुझा, सध्या अल्पभाषी,
विबे

ता. क. सोबत समितीला लिहिलेलं चार पानी पत्र आहे. शाळेत माझे निबंध छाटायचीस तसं छाटून गुरुवारपर्यंत पाठव.

आणखी ता. क. आत्ता पुन्हा वाचलं. 'मी चुकलो, आनेखीन बरोबर आहे' हे तिसऱ्या पानाच्या तळाशी, कंसात सापडलं. तेवढंच ठेव. कंस काढून.